सोमवारी पोटात दुखतं, रविवारी नाही : शाळा टाळणारी मुलं आणि त्यांची थेरपी

पाटीपेन्सिल
दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की 'रोज सकाळी पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही' हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर सुटासुटा येतो आणि उत्तरंही सुटीच मिळतात. कुणी म्हणतं दोन धपाटे द्या, कुणी म्हणतं राहू दे घरी महिनाभर. दोन्हींनी काम बिघडतं. म्हणून एकत्र लिहितो आहे. इथे मानसोपचार, शाळा, बालरोग या क्षेत्रांतली मंडळी आहेत. त्यांनी भर घालावी, चुकलं तिथे कान पकडावा.

आधी एक फरक. दांडी मारणारं मूल गणवेश घालून घराबाहेर पडतं आणि शाळेत पोचत नाही. घरी पत्ता नसतो. शाळा टाळणारं मूल घरच्यांच्या डोळ्यांदेखत घरातच राहतं. रडतं, उलटी काढतं, बाथरूमची कडी लावून बसतं. अभ्यासाला त्याची ना नसते, फक्त 'तिथे' जायचं नसतं. याला स्कूल रिफ्युजल म्हणतात. हे आजाराचं नाव नाही. तापासारखं लक्षण आहे, खाली काय आहे ते शोधावं लागतं.

शोधायचं कसं? नेवाडा विद्यापीठातले ख्रिस्तोफर कर्नी यांनी 'मूल शाळेत का जात नाही' ऐवजी 'घरी राहून त्याला काय मिळतं' असा प्रश्न उलटा केला. उत्तरं चार निघतात. शाळेतल्या कशामुळे तरी जीव घाबरा होतो, त्यापासून सुटका (घंटा, गर्दी, स्वच्छतागृह, व्हॅन). लोकांसमोर उभं राहणं, परीक्षा, चिडवणं यांपासून सुटका. आई किंवा बाबा जवळ राहणं. आणि चौथं, घरी मजा असणं : मोबाइल, टीव्ही, दुपारची झोप. पहिल्या दोनांत मूल कशापासून तरी पळतं, पुढच्या दोनांत कशाकडे तरी जातं. उपाय चारही ठिकाणी वेगळा आहे आणि सगळ्यांना एकच औषध दिलं की फसतं. चिडवलं जाणाऱ्या मुलाला 'शाळेत गेलास तर सायकल' म्हणणं ही त्याची थट्टा आहे.

थर्मामीटर
चांगला धागा. बालरोगाच्या बाजूने एवढंच : 'मनाचं आहे' म्हणण्याआधी एकदा नीट तपासणी. बद्धकोष्ठ हा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून मूल दिवसभर रोखून धरतं, मग पोट खरंच दुखतं, आणि लोक त्याला नाटक म्हणतात. लघवीचा संसर्ग, मायग्रेन, रक्त कमी असणं हेही पाहायचं.

लगेच पुढच्या तपासण्या कधी? वजन घटतंय किंवा उंची अडली आहे, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते, ताप आहे, शौचातून रक्त जातंय, उलटी हिरवी आहे, किंवा मूल बेंबीपासून लांब एकच ठरावीक जागा बोटाने दाखवतं. यातलं काही नसेल, दुखणं बेंबीभोवती असेल, सकाळी सातला सुरू होऊन शाळेची वेळ टळली की थांबत असेल, तर सोनोग्राफीवर सोनोग्राफी करत बसू नका. दर तपासणी मुलाला सांगते की काहीतरी मोठं आहे, सापडत नाहीये.

आणि दुखणं खोटं नसतं. भीतीत आतड्यांची हालचाल खरोखर बदलते. 'तुला काही झालेलं नाही' हे वाक्य टाळा. 'दुखतंय खरं, पण धोक्याचं नाही' असं म्हणा.

रानजाई
कारणं दोन-तीन एकत्र दिसली तर? भीतीपोटी घरी राहायला लागलेलं मूल महिन्याभरात मोबाइलला चिकटतं. मग मोबाइल हेच कारण समजून घरात महाभारत होतं.

पाटीपेन्सिल
हेच नेहमी होतं, रानजाई. सुरुवात एका कारणाने होते आणि टिकून राहतं दुसऱ्यामुळे. कर्नींची २४ प्रश्नांची प्रश्नावली आहे, चार कारणांना सहा-सहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ६ गुण. मूल वेगळं भरतं, पालक वेगळं. चारही सरासऱ्या काढायच्या, सगळ्यात वरची ती मुख्य, तिच्या जवळपास असलेलीही धरायची. गंमत अशी की मुलाचा आणि आईचा कागद क्वचितच जुळतो. तो फरक म्हणजेच पहिल्या दोन सेशन्सचा विषय.

प्रश्नावली हाताशी नसेल तर दोन आठवडे वही ठेवा. तारीख, वार, कोणते तास होते, सकाळी भीती दहापैकी किती, शाळेत गेलं का, नाही गेलं तर अकरा वाजता मूल काय करत होतं. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक विसरतात आणि तोच सगळ्यात बोलका असतो. फक्त पीटी किंवा गणिताच्या वारी अडत असेल तर तेही वहीतच दिसतं.

कासवगती
थेरपीचा गाभा म्हणजे टप्प्याटप्प्याने परत जाणं, त्यावर लिहिते. घरी राहिलं की जिवाला एकदम हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच रोग वाढवतं. मेंदू शिकतो : वाचलो, कारण गेलो नाही. दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. म्हणून 'आधी पूर्ण बरं होऊ दे, मग शाळा' हा क्रम उलटा आहे. जितके दिवस जास्त जातात तितकं परतणं अवघड, शिवाय अभ्यास मागे पडतो आणि 'इतके दिवस कुठे होतास' या प्रश्नाची नवी भीती तयार होते.

तिसरी-चौथीतलं मूल, आईला सोडून राहवत नाही, असं धरू. भीतीची शिडी मुलाला बरोबर घेऊन बनवायची, आकडे त्यानेच द्यायचे, ० ते १० :

संध्याकाळी फाटकापर्यंत चालत जाऊन येणं : २
शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आपल्या बाकावर पाच मिनिटं : ३
गणवेश, दप्तर, डबा, सगळं आवरून सकाळी फाटकापर्यंत : ४
शेवटचा तास वर्गात, आई व्हरांड्यात : ५
शेवटचा तास, आई फाटकाबाहेर : ६
मधल्या सुट्टीनंतरचे सगळे तास, आई घरी : ७
पहिल्या तासापासून, सोडायला बाबा किंवा आजोबा : ८
व्हॅनने एकट्याने : ९

शेवटच्या तासापासून सुरुवात का? कारण तो तास सगळ्यांबरोबर घंटेला संपतो. पहिला तास बसवून घरी आणलं तर मूल चालू वर्गातून उठून जाण्याचा सराव करतं, जो आपल्याला नको आहे. शिवाय 'मला न्यायला या' असं म्हणायची वेळच येत नाही.

एका पायरीवर निदान तीन-चार दिवस, रोज. आठवड्यातून एकदा केलं तर दर वेळी पहिल्यापासून. एखाद्या दिवशी पायरी झेपली नाही तर खालच्या पायरीवर यायचं, घरी नाही. वर्गात असह्य झालं तर ग्रंथालयात किंवा ऑफिसात दहा मिनिटं, मग परत वर्ग. आईला फोन नाही. निरोप एका वाक्यात : 'साडेपाचला फाटकाशी आहे.' आणि वळायचं. दहा वेळा मागे वळून हात हलवणारी आई मुलाला एवढंच कळवते, की इथे काळजी करण्यासारखं आहे.

उंबरठा
कासवगती, एका गोष्टीवर मतभेद. पूर्वी 'भीती निम्म्यावर येईपर्यंत त्या पायरीवर थांबा' असं शिकवायचे. भीतीच्या थेरपीवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या कामानंतर भर बदलला आहे. त्या वेळी भीती उतरली की नाही याला फार महत्त्व नाही. जे होईल असं वाटत होतं ते झालं का, हे महत्त्वाचं. म्हणून पायरी चढण्याआधी मुलाकडून भाकीत लिहून घ्या. 'मी वर्गात उलटी करणार, खात्री शंभरपैकी ८०.' संध्याकाळी त्याखाली : झाली? नाही. मग काय झालं? 'बाईंनी फळा पुसायला सांगितला.' अशा दहा चिठ्ठ्या डब्यात साठल्या की त्या कुठल्याही समजावण्यापेक्षा भारी पडतात.

आणि कुबड्या शोधा. उलटीची भीती असलेल्या मुलाच्या खिशात प्लॅस्टिकची पिशवी असते, दर पाच मिनिटांनी पाण्याचा घोट असतो, सकाळचा नाश्ता टाळलेला असतो. सगळी शिडी चढली तरी पिशवी खिशात असेल तर मूल मनात म्हणतं, पिशवी होती म्हणून वाचलो. पिशवी आधी खिशातून दप्तरात, मग दप्तराच्या तळाशी, मग घरी. या वेगळ्या पायऱ्या धरा.

कासवगती
मान्य. चिठ्ठ्यांचं उत्तम. फक्त सहा-सात वर्षांच्या मुलाला टक्के कळत नाहीत, तिथे थर्मामीटरचं चित्र रंगवून घ्यावं लागतं. आणि पालकांना आठवड्याच्या शेवटी आकडा उतरलेला दिसला नाही तर त्यांचा धीर सुटतो, म्हणून आकडे मी ठेवतेच. मुलासाठी नाही, आईबाबांसाठी.

श्वासाचं तंत्र (चार मोजत आत, सहा मोजत बाहेर) रात्री निवांत असताना शिकवा. ऐन फाटकाशी 'श्वास घे, श्वास घे' केलं की तीही एक कुबडी होते.

अर्धाकप
मूल थेरपीला यायलाच तयार नसेल तर? पंधरा वर्षांच्या मुलाला उचलून तर आणता येत नाही.

कासवगती
मग आईबाबांनी यायचं. हे दुय्यम काम नव्हे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर चालणारी पद्धत बांधली, स्पेस नावाची, साधारण बारा सेशन्सची. मूल एकदाही न येता तिचा परिणाम मुलाच्या थेरपीच्या तोडीचा निघाला.

त्यात काय करतात? आधी यादी : भीतीपायी घर मुलासाठी काय काय वाकतंय. आई शेजारी झोपते, बाबा ऑफिसला उशिरा जातात, 'काही होणार नाही ना' याला दिवसातून वीस वेळा उत्तर दिलं जातं, पाहुण्यांना घरी बोलावणं बंद. यातलं एकच निवडायचं, रोज घडणारं. मुलाला शांत वेळी (भांडणात नाही) सांगायचं : 'तुला हे फार जड जातं, ते आम्हाला कळतं. आणि तू हे सोसू शकतोस याची आम्हाला खात्री आहे. सोमवारपासून या प्रश्नाला आम्ही रात्री एकदाच उत्तर देऊ.' दोन्ही भाग हवेत. पहिलाच म्हटला तर लाड होतो, दुसराच म्हटला तर दटावणी. आणि नीट पाहा, बदल पालक स्वतःच्या वागण्यात करताहेत, मुलाला काही करायला सांगितलेलं नाही. म्हणून त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

पहिले काही दिवस आरडाओरडा वाढतो. चौथ्या दिवशी आजीने गुपचूप उत्तर दिलं की सगळं मुसळ केरात, उलट मूल शिकतं की जास्त ताणलं की मिळतं. म्हणून एकत्र कुटुंबात आजी-आजोबांना पहिल्या सेशनलाच बोलवा.

घरी राहिलेल्या दिवसाचे नियमही आताच लिहिते : शाळेच्या वेळेत टीव्ही, मोबाइल, वायफाय नाही. शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे पुस्तकं. 'आजारी' असेल तर आजाऱ्यासारखं, मऊ भात आणि पलंग. ही शिक्षा नाही, रागाने करू नका. फक्त घर शाळेपेक्षा गोड असता कामा नये.

रानजाई
आजीचा मुद्दा +१००. वडिलांचाही लिहा. एकजण कडक, एकजण मऊ असला की मूल दोघांच्या मधून निसटतं.

निंबोणी
किशोरवयीन मुलांबद्दल थोडं. नववी-दहावीचं शाळा टाळणं आणि दुसरीचं यात फरक आहे. इथे नैराश्य, लोकांसमोरची भीती, वर्गाच्या ग्रुपवर फिरलेला एखादा फोटो, हे जास्त. दुसरं, झोप. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, अकराच्या आत झोप येत नाही, त्यात मोबाइल. शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका म्हणून आदेश काढला. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं ती मोठी मुलं मात्र अजून सातच्या सत्रात. झोप सुधारायची तर झोपायची वेळ पकडू नका, उठायची पकडा. रविवारसकट एकच. उठल्यावर अर्धा तास उजेडात.

पहिली भेट साधारण तासाभराची : पंधरा मिनिटं सगळे, मग मुलगा किंवा मुलगी एकटी, शेवटी पालक. गोपनीयतेच्या अटी दोघांसमोर सुरुवातीलाच सांगितल्या पाहिजेत. मूल सांगेल ते पालकांना जसंच्या तसं कळवलं जाणार नाही. अपवाद तीन : स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, अत्याचार. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे समुपदेशकाला निवड नाही. ज्या समुपदेशकाने हे आधी सांगितलं नाही, त्याला विचारा.

पालकांनी एवढंच करावं : परतताना रिक्षात 'काय बोललास? माझ्याबद्दल काय सांगितलंस?' विचारू नये. पुढच्या सेशनला मूल गप्प बसतं ते या रिक्षामुळे.

कुणाकडे जायचं यात गोंधळ असतो. औषध लिहू शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. चाचण्या आणि थेरपी त्यांच्याकडे. समुपदेशक या नावाखाली एम.ए. ते पंधरा दिवसांचा कोर्स, सगळं येतं. तेव्हा शिक्षण विचारायला लाजू नका. आणि विचारा : 'शाळेत परत जाण्याचं काम तुम्ही कसं करता? शाळेशी बोलता का?' सहा सेशन्स झाली, मूल रंगवतंय, गप्पा मारतंय, छान वाटतंय आणि हजेरी शून्य, तर थांबून विचारायची वेळ आहे.

पाटीपेन्सिल
निंबोणी, रिक्षाचं अगदी खरं.

वाचनाच्या अडचणीचं राहिलं. तिसरी ते सहावीत शाळा टाळणारं हुशार, बोलकं मूल असेल तर अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी) तपासलीच पाहिजे. भीती शाळेची नसते, उभं राहून धडा वाचण्याची असते. क्रम : आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक (आपल्याकडे बिने-कामत ही चाचणीही वापरतात), मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, ज्या माध्यमात मूल शिकतं त्याच भाषेत. दोन-तीन खेपा होतात. सवलतींसाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दहावीला तासाला वीस मिनिटं जादा, गरजेप्रमाणे लेखनिक. पण प्रमाणपत्राची वाट पाहू नका, वर्गशिक्षिकेला आजच सांगा : अचानक उठवून वाचायला लावू नका, परिच्छेद आदल्या दिवशी सांगा. या एका बदलाने कधी कधी अर्धी शिडी वाचते.

खडूडस्टर
शाळेच्या बाजूने. पालक येतात आणि 'जरा समजून घ्या' म्हणतात. काय समजून घ्यायचं ते शिक्षकाला कळत नाही. एका पानावर लिहून आणा : कोणत्या तारखेपासून कोणते तास, फाटकावर कोण घेईल (एकच माणूस ठरवा, मावशी चालतील), असह्य झालं तर कुठे बसेल आणि किती वेळ, घरी फोन कुणी आणि कधी करायचा, मागचा अभ्यास किती माफ. वीस दिवसांच्या वह्या पूर्ण करायला लावल्या तर मूल पुन्हा घरी बसणार. गणिताचं आवश्यक तेवढं घ्या, बाकी सोडा.

परतलेल्या मुलाचं वर्गात टाळ्या वाजवून स्वागत करू नका. हेतू चांगला असतो, पण ज्याला नजरा नको आहेत त्याच्यावर चाळीस नजरा. 'ये, बस, पान ४२' पुरे. एका मित्राला आधी सांगून ठेवा की मधल्या सुट्टीत याच्याबरोबर डबा खा. रिकामी मधली सुट्टी ही तासापेक्षा जड असते.

चिडवणं, मारणं हे मूळ असेल तर मात्र शिडी थांबवा. आधी शाळेने ते बंद करायचं. खऱ्या धोक्याची सवय लावायची नसते.
दहावीवाल्यांनी ७५ टक्के हजेरीचं गणित आत्ताच मांडा, फेब्रुवारीत नाही. वैद्यकीय कागद वेळच्या वेळी शाळेत द्या.

अर्धाकप
आणि औषधं? नातेवाईक घाबरवतात.

थर्मामीटर
प्रत्येकाला लागत नाहीत. भीतीच्या आजारांवर ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये छापून आली. नुसत्या थेरपीने साधारण ६० टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या सर्ट्रालीनने (भीती-नैराश्यावरचं औषध) ५५, दोन्ही मिळून ८१, आणि खोट्या गोळीने २४. म्हणजे बहुतेकांना आधी थेरपी. जोर जास्त असेल, नैराश्य सोबत असेल किंवा थेरपीतली पहिली पायरीही चढवत नसेल तर दोन्ही. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. पहिले काही आठवडे मूल जास्त अस्वस्थ, चिडकं वाटलं, मरणाबद्दल बोललं, तर लगेच डॉक्टरांना कळवा. हा इशारा २००४ पासून या औषधांवर आहे. मनाने बंद करू नका, हळूहळू उतरवतात. 'शाळेच्या सकाळी अर्धी झोपेची गोळी' हा घरगुती उद्योग नको. सुस्तावलेलं मूल पायरी चढतं पण शिकत काहीच नाही.

निंबोणी
मूल 'मला जगायचंच नाही' म्हणालं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, वस्तू वाटून टाकायला लागलं, तर शाळा हा विषय बाजूला. सरळ विचारा : मरावंसं वाटतं का? कसं करायचं ठरवलंय का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

गारवा
शेवटचा प्रश्न. मूल नीट जायला लागलं, मग तापाने चार दिवस घरी आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा सगळी शिडी?

कासवगती
सगळी नाही. तीन-चार पायऱ्या खाली उतरा आणि दोन दिवसांत वर या, पूर्वीसारखे आठवडे लावू नका. ताप उतरून चोवीस तास झाले की शाळा, मग तो शुक्रवार का असेना. 'आता सोमवारपासूनच' म्हटलं की आणखी दोन दिवस आराम मिळतो. मोठ्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात उठायची वेळ आधी शाळेची करा, एकदा शाळेपर्यंत चक्कर मारा, वर्गमित्राला घरी बोलवा. रविवारी संध्याकाळी दप्तर पाचला भरून दाराशी ठेवा, रात्री दहाला नको. आणि चिठ्ठ्यांचा डबा फेकू नका, त्या रात्री तोच काढून मुलालाच वाचायला द्या.